तक्रार केली, नोकरी गेली. आता तिला काय सांगू?

गिरणाकाठची

बरेच दिवस लिहू की नको चाललं होतं, आज लिहितेच, कारण शनिवारपर्यंत एका मुलीला उत्तर द्यायचंय आणि माझ्याकडे उत्तर नाही.

मी जळगावच्या एमआयडीसीत एका कंपनीत होते, नाव लिहिणार नाही, कोणी विचारूही नका. जून २०१८ ला आवक-जावक क्लार्क म्हणून लागले. कंपनीत येणारा प्रत्येक कागद, वीजबिल असो की बँकेची नोटीस, आधी माझ्या टेबलावर यायचा, मी शिक्का मारायचे, रजिस्टरला नंबर टाकायचे आणि मग तो ज्याचा त्याच्याकडे जायचा. शेवटचा पगार १४,५००. वडिलांचं दोन बिघे वावर, कापूस लावतात, भाऊ तेव्हा शिकत होता, म्हणजे त्या पगारावर घर चालायचं असं धरा.

नोव्हेंबर २०२२ पासून पर्चेसच्या साहेबांचं सुरू झालं. आधी रात्री साडेअकराला 'जेवलीस का' असे मेसेज, मग खुर्चीमागे येऊन उभं राहायचं, रजिस्टर बघतोय असं दाखवून खांद्यावर हात टेकवायचा. मी खुर्ची भिंतीला लावून घेतली तर म्हणे टेबल कोणाला विचारून हलवलं. जानेवारीत रेकॉर्ड रूमला फाईल काढायला गेले तर मागून आला आणि दार लोटून दारातच उभा राहिला, तुझी पगारवाढ, तुझी नोकरी सगळं माझ्या एका शब्दावर आहे म्हणाला. पुढचं लिहीत नाही. फाईल छातीशी धरून त्याच्या हाताखालून निघाले एवढंच सांगते, आणि फाईलच्या पत्र्याच्या क्लिपने हनुवटी कापली होती ते मला रात्री आईने विचारलं तेव्हा कळलं.

६ फेब्रुवारी २०२३, सोमवार. चार फुलस्केप पानांवर तक्रार लिहून नेली. आमच्या तारखेच्या शिक्क्याला चाकं असतात, रोज सकाळी पहिलं काम ते फिरवायचं. मध्ये रविवार होता म्हणून ४ वरून ६ वर आणायचं होतं आणि बोटं इतकी थरथरत होती की चाक सारखं ७ वर जायचं, परत मागे. शेवटी बसलं. माझ्याच तक्रारीवर मीच शिक्का मारला, रजिस्टरला अनुक्रमांक ११८ टाकला. ११७ ला महावितरणचं बिल, ११९ ला सुरतचं कुरिअर. मग वाटलं स्वतःच्या हाताची नोंद उद्या खोटी म्हणतील, म्हणून एचआरच्या मॅडमकडे जाऊन माझ्या प्रतीवर 'मिळाले', सही, तारीख घेतली. त्यांनी न वाचताच सही केली, रोज माझ्याकडून शंभर कागदांवर करायच्या तशी.

अशा तक्रारी ऐकणाऱ्या कंपनीच्या अंतर्गत समितीचा बोर्ड जिन्यात लावलेला होता. त्यातल्या एक बाई दोन वर्षांपूर्वीच नोकरी सोडून गेलेल्या. मला बोलावलं तेव्हा तो समोरच बसलेला आणि पहिला प्रश्न आला, मिटवून घ्यायचं का. मी नाही म्हणाले. त्यानंतर कोणी काही विचारलंच नाही. २७ मार्चला लेटर हातात, कामगिरी असमाधानकारक. तक्रारीपासून ४९ दिवस. त्याच कंपनीने ऑक्टोबरमध्ये मला हजार रुपये वाढ दिली होती, त्या लेटरवर 'उत्तम काम' लिहिलेलं आहे. आधी म्हणाले राजीनामा लिहून दे, अनुभवाचा दाखला चांगला देतो. मी दिला नाही. गेटवर वॉचमनकाकांना माझी बॅग तपासायला सांगितलं. पाच वर्षं मला 'बेटा' म्हणणारा माणूस, त्याला माझा डबा उघडून बघावा लागला. कळण्याची भाकरी होती, तशीच. सकाळपासून खाल्लीच नव्हती. झाकण लावताना त्यांचे हात माझ्यापेक्षा जास्त कापत होते.

लेबर कोर्टात केस चालू आहे. कंपनीने जबाबात लिहून दिलंय की तक्रार नोकरी गेल्यानंतर आली, काढल्याच्या रागातून केली.

आता मूळ गोष्ट. कानबाईचे रोट होते त्या रविवारी एका मुलीचा फोन आला. माझ्या जागेवर आता ती बसते, तेच टेबल, तीच खुर्ची. ताई, त्याने माझ्याशी सुरू केलंय म्हणाली. बावीस वर्षांची आहे, यावल तालुक्यातली, वडील नाहीत. मी तक्रार करू का, असं विचारतेय. मी कर म्हणाले आणि तिची पण नोकरी गेली तर? आणि नको म्हणाले तर मी हे सगळं कशासाठी केलं? तिला विचारूनच इथे लिहितेय. ज्यांच्यावर असं आलंय त्यांनी खरं खरं सांगा.

व्यवस्थापक

धागा राहू देत आहोत. सर्वांना विनंती, कंपनी कोणती, माणूस कोण याचा अंदाज प्रतिसादात बांधू नये. कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्याच्या कलम १६ प्रमाणे तक्रारदार, आरोपी, साक्षीदार यांची ओळख आणि चौकशीचा मजकूर जाहीर करायला मनाई आहे. असे प्रतिसाद उडवले जातील.

भुसावळकर_काका

बेटा, वाचून झोप उडाली. पण मी स्पष्ट लिहितो, राग मानू नको. त्या पोरीला आधी दुसरी नोकरी बघायला सांग आणि मग तक्रार. वडील नाहीत म्हणतेस. आपल्याकडे गाव लहान, एमआयडीसी त्याहून लहान, एका गेटवर नाव खराब झालं की दुसऱ्या गेटवर पोचलेलं असतं. मी रेल्वेत ३४ वर्षं काढली, तिथे युनियन होती, सरकारी नोकरी होती, तरी बायकांना तक्रार केल्यावर कोपऱ्यातल्या टेबलावर बसवलेलं मी पाहिलंय. आणि तेव्हा मी काही बोललो नाही, हे पण लिहून टाकतो. आज बोलायला हवं होतं असं वाटतं.

अॅड_धुळे

काका, भावना कळते पण एक मोठी अडचण आहे. तक्रारीला मुदत आहे. प्रकार घडल्यापासून, आणि सारखं घडत असेल तर शेवटच्या प्रकारापासून, ३ महिने. समितीला योग्य कारण पटलं तर आणखी ३ महिने वाढवता येतात. 'आधी नोकरी बघू' म्हणत सहा महिने गेले की ती वाट बंद. म्हणून तिने कधी करायची ते ठरवावं, पण घड्याळ चालू आहे हे तिला माहीत पाहिजे.

गिरणाकाठची ताई, तुमचं वाचताना एकेक चूक मोजत होते. कायदा २०१३ चा आहे, ९ डिसेंबर २०१३ पासून लागू. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे अंतर्गत समिती लागतेच. अध्यक्ष वरिष्ठ पदावरची बाई, निम्म्याहून कमी बायका चालत नाहीत, एक सभासद बाहेरच्या संस्थेचा. सुनावणीला अध्यक्षांसह किमान तीन जण हजर लागतात. तडजोड ही फक्त तक्रारदार बाईने स्वतः मागितली तरच होऊ शकते, आणि तेव्हाही पैसे देऊन मिटवता येत नाही. पहिलाच प्रश्न 'मिटवायचं का' हा त्यांनी विचारायचाच नसतो. चौकशी ९० दिवसांत पुरी करायची, संपल्यावर १० दिवसांत अहवाल, त्यावर मालकाने ६० दिवसांत कारवाई. चौकशी चालू असताना तुम्ही लेखी मागितलं असतं तर तुमची किंवा त्याची बदली, किंवा ३ महिन्यांपर्यंत रजा द्या अशी शिफारस समिती करू शकते, आणि ती रजा हक्काच्या रजेतून कापायची नसते. हे कोणी सांगत नाही. त्या मुलीला पहिल्या अर्जातच हे मागायला सांगा, तो समोर असताना रोज त्या खुर्चीत बसणं हीच निम्मी शिक्षा असते.

आता नोकरीचं. खरं बोलायचं तर या कायद्यात तक्रारदाराला काढलं तर मालकाला अमुक शिक्षा असं सरळ वेगळं कलम नाही, आणि ही मोठी उणीव आहे. पण तुझी नोकरी माझ्या हातात आहे ही धमकी कलम ३ प्रमाणे छळातच मोडू शकते. शिवाय आपल्या महाराष्ट्रात १९७१ चा कायदा आहे, अनुचित कामगार प्रथांचा, ज्याला कोर्टात सगळे यूएलपी म्हणतात. सूडबुद्धीने काढणं ही त्यात अनुचित प्रथा आहे. तिथे ९० दिवसांत जावं लागतं. ताई, तुम्ही कधी दाखल केली?

गिरणाकाठची

१९ जून २०२३. म्हणजे ८४ वा दिवस. मॅडम, मला ९० दिवस वगैरे काही माहीत नव्हतं. एप्रिल आणि मे मी घरातून बाहेरच पडले नाही, शेजारी विचारायचे सुट्टीवर आहेस का, आई हो म्हणायची. जूनच्या पहिल्या आठवड्यात पीएफचं विचारायला गेले, तिथे रांगेत पुढच्या बाईने सहज विचारलं का सोडली, आणि मी अनोळखी बाईजवळ रडले. तिचा नवरा कामगार संघटनेत होता. त्यांनी सांगितलं सहा-सात दिवसांत वकील गाठ. ती बाई त्या दिवशी रांगेत नसती तर केसच नसती.

चटईवाला

मी एमआयडीसीतच आहे, दुसरीकडे, एचआर-अॅडमिनला. नाव लपवून लिहितोय कारण जे लिहितोय ते उघड लिहायची हिंमत नाही, त्याची मला लाज वाटते.

असं लेटर मी टाईप केलंय. चार वर्षांपूर्वी, आधीच्या कंपनीत. पॅकिंगची बाई होती, तिने सुपरवायझरची तक्रार तोंडी केली, लेखी नाही. मालकाने मला बोलावून सांगितलं हिला काढायचंय, पण कारण ते दिसलं नाही पाहिजे. मग ते कसं करतात ते सांगतो म्हणजे त्या मुलीला कळेल. आधी काम काढून घेतात, हातात काहीच ठेवत नाहीत, म्हणजे नंतर आउटपुट कमी म्हणता येतं. मग हजेरीच्या थंब मशीनचा रिपोर्ट काढतात, ज्या पाच-सात मिनिटांच्या उशिराकडे वर्षभर कोणी बघितलं नाही त्याचे मेमो सुरू होतात. मेमोला बाया उत्तर देत नाहीत, घाबरतात किंवा वाटतं काय उपयोग, आणि फाईलला तीन मेमो विनाउत्तर लागले की लेटर तयार. त्या बाईच्या लेटरवर माझे इनिशियल आहेत. ती लेटर घेऊन माझ्याकडे बघून म्हणाली, साहेब तुम्हाला तर माहीत आहे ना. मी खाली बघितलं.

म्हणून त्या मुलीला सांगा प्रत्येक मेमोला त्याच दिवशी लेखी उत्तर, चार ओळींचं का असेना, आणि त्यात एक ओळ हमखास, की मी अमुक तारखेला तक्रार केल्यानंतर हे मेमो सुरू झाले. पगाराच्या स्लिपा, वाढीचं लेटर, बोनसचा कागद घरी नेऊन ठेवायचा. मेसेज डिलीट करायचे नाहीत आणि फोन विकायचा नाही, नुसते स्क्रीनशॉट पुरत नाहीत.

अॅड_धुळे

चटईवाला दादा, तुम्ही हे लिहिलं ते मोलाचं आहे. ती बाई आता कुठे आहे माहीत असेल तर तिला एकदा भेटा. तिची मुदत गेली असेल, पण कोणीतरी तिला खरं होतं असं सांगायला पाहिजे.

फोनबद्दल बरोबर. ज्या फोनवर मेसेज आले तो मूळ फोन जपायचा, कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं.

शंका_आहे

विषय गंभीर आहे मान्य. पण खोट्या तक्रारी पण होतात ना? माझ्या मावसभावाविरुद्ध झाली, समितीत सिद्ध झाली नाही, तरी त्याचं लग्न मोडलं. त्याचा विचार कोणी करायचा?

अॅड_धुळे

दादा, तुमच्या भावाचं वाईट झालं. म्हणूनच चौकशी गुप्त ठेवायची सक्ती दोन्ही बाजूंना आहे, ती पाळली असती तर गावभर झालं नसतं. आणि मुद्दाम खोटी तक्रार केली तर कलम १४ मध्ये कारवाई आहेच. पण त्याच कलमात लिहिलंय की तक्रार सिद्ध करता आली नाही एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही, द्वेषाने केली हे वेगळं चौकशी करून दाखवावं लागतं. 'सिद्ध झाली नाही' आणि 'खोटी' यात खूप अंतर आहे. रेकॉर्ड रूममध्ये साक्षीदार कुठून आणायचा?

शंका_आहे

हे कलम माहीत नव्हतं. ताईंच्या धाग्यावर विषय भलतीकडे नेला त्याबद्दल माफ करा. ११७ आणि ११९ च्या मधली नोंद ही कोणी मागाहून घुसवू शकत नाही, एवढं मला पण दिसतंय.

खापरावरची

मी चोपड्याला एका मेडिकलवर होते. एकूण सहा माणसं आणि त्रास देणारा मालक स्वतः. तिथे कसली समिती. दहापेक्षा कमी माणसं असतील किंवा मालकाविरुद्धच तक्रार असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं असतं हे मला एका अंगणवाडीताईने सांगितलं.

एसटीने जळगावला गेले कलेक्टर ऑफिसला. पहिल्या दिवशी ज्या टेबलावर गेले त्यांनी दुसऱ्या बिल्डिंगला पाठवलं, तिथून महिला बालविकासला, तिथे साहेब मीटिंगला. दुसऱ्या दिवशी परत. तिसऱ्या खेपेला एका क्लार्क बाईने मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाली सहा प्रती लागतात, साक्षीदारांची नावं-पत्ते लागतात, खाली झेरॉक्स आहे जा घेऊन ये, तोवर मी इथेच बसते. साडेपाच वाजून गेले होते तरी ती बसली. ती पोच अजून माझ्या कपाटात साडीच्या घडीत आहे.

मालकाने दुसऱ्याच दिवशी उद्यापासून येऊ नको सांगितलं आणि गावातल्या बाकीच्या मेडिकलवाल्यांना पण सांगून ठेवलं. आठ महिने कोणी काम दिलं नाही, मी शिरपूरला जाऊन लागले शेवटी. पण समितीने अहवाल माझ्या बाजूने दिला. भरपाई ठरवताना मनस्ताप, दवाखान्याचा खर्च आणि कामाची संधी गेली ते धरतात, समोरच्याची ऐपत पण बघतात, मला हप्त्याने मिळाली. पैसे फार नव्हते. पण अहवालात 'कामाची संधी गेली' हे शब्द आहेत, मी ते बोट ठेवून ठेवून वाचले. ताई, त्या मुलीला कर म्हणा. पण एकटीला जाऊ देऊ नका. मी पहिल्या दिवशी एकटी होते म्हणून त्यांनी मला दुसऱ्या बिल्डिंगला पाठवलं, तिसऱ्या दिवशी भाऊ सोबत होता.

माय_साक्रीनी

माय, तुनं वाचीसन डोयामा पानी उनं. खरं बोलनारना मांगे कोनी उभं ऱ्हास नही. नोकरी गयी ते जाऊ दे, तू खाली मान घालू नको. त्या पोरले सांग, घाबरू नको, मी शे ना तुन्हा मांगे. तिन्ही माय एकली शे ना, मंग तिले बी इसवासमा ले, घरमा पयले सांग.

निवृत्त_मास्तर

साक्रीच्या माउलीने नेमकं सांगितलं, घरात आधी सांगणं. आमच्या पिढीने जळगावात १९९४ साल पाहिलं. मुलींवरच्या लैंगिक अत्याचाराचं ते मोठं प्रकरण बाहेर आलं तेव्हा मी शाळेत शिकवत होतो. पोलीस अधिकारी मीरां बोरवणकर यांच्याकडे तपास होता. गावात चर्चा काय चालायची, तर मुलींची नावं काय, घराणी कोणती. ज्यांनी केलं त्यांच्यापेक्षा ज्यांच्यावर झालं त्यांचाच शोध जास्त. कितीतरी मुली पुढे आल्याच नाहीत, कारण तोंड उघडलं की लग्न मोडणार हे त्यांना ठाऊक होतं. माझ्या वर्गातल्या एका मुलीचा दाखला वडील मुकाट्याने काढून घेऊन गेले, मी कारण विचारलं नाही.

आणि हा जो कायदा तुम्ही सगळे सांगताय त्याचं मूळही एका नोकरी करणाऱ्या बाईतच आहे. राजस्थानात भंवरीदेवी, सरकारी योजनेतली साथिन. बालविवाह अडवायला गेली, ते तिचं कामच होतं, म्हणून १९९२ साली तिच्यावर सामूहिक अत्याचार झाला. त्यातून विशाखा खटला उभा राहिला, १३ ऑगस्ट १९९७ ला सुप्रीम कोर्टाने मार्गदर्शक तत्त्वं दिली आणि कायदा व्हायला पुढे सोळा वर्षं लागली.

गिरणाकाठची

सगळ्यांचं रात्री दोनदा वाचलं. आईला पण वाचून दाखवलं, साक्रीच्या मावशींचं तिने मला परत वाचायला लावलं.

एक गोष्ट मी आधी लिहिली नाही, ती लिहिल्याशिवाय प्रामाणिकपणा होणार नाही. त्या मुलीला त्यांनी आणखी एक काम सांगितलंय. २०२३ चं आवक रजिस्टर कसर लागून खराब झालंय, नव्या रजिस्टरमध्ये सुवाच्य अक्षरात उतरवून काढ. ती म्हणाली ताई रजिस्टर तर चांगलं आहे, कसर वगैरे कुठे नाही. मी काहीच बोलू शकले नाही फोनवर. कोर्टात ते रजिस्टर मागवायचा आमचा अर्ज पडून आहे आणि इकडे ते नवीन होतंय. माझ्याकडे त्या पानाचा मोबाईलमधला फोटो आहे, सही घेतलेली प्रत आहे, पण एचआरच्या त्या मॅडम सोडून गेल्या आणि कंपनी म्हणते सही त्यांची नाहीच.

आता सांगा, मी तिला 'तक्रार कर, रजिस्टर उतरवू नको' म्हणाले तर ते तिच्यासाठी की माझ्या केससाठी? मला स्वतःलाच खात्री नाही. म्हणून उत्तर देता येत नाहीये.

अॅड_धुळे

ताई, हे इथे इतकं उघड लिहायला नको होतं, समोरचा वकील पण वाचतो. पण लिहिलंच आहे तर ऐका. तिने रजिस्टर बाहेर आणायचं नाही, लपवायचं नाही, त्यातून ती अडकेल. पण नोंदी बदलून लिहायच्या नाहीत, ते पण तिच्याच अंगाशी येईल, कारण अक्षर तिचं असणार. 'मला हे लेखी सांगा' एवढंच तिने म्हणायचं. लेखी कोणी देणार नाही. आणि तुमच्या वकिलांना उद्याच सांगा, मूळ रजिस्टर हजर करण्याचा अर्ज तातडीने चालवून घ्या.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर वकील देऊ शकत नाही. पण तुम्ही तिला हे सगळं सांगितलंय का, की तुमचाही यात फायदा आहे? सांगा, आणि मग तिला ठरवू द्या.

२०२० चा एक निकाल तिला जरूर सांगा, आपल्या जवळच्या इंदूरचा आहे. सरकारी बँकेची अधिकारी, गैरव्यवहाराच्या आणि वरिष्ठाच्या छळाच्या तक्रारी केल्या, तिला जबलपूर जिल्ह्यातल्या शाखेत फेकलं, तेही तिच्या पदापेक्षा खालच्या अधिकाऱ्याच्या जागेवर. हायकोर्टाने ती बदली रद्द केली, सुप्रीम कोर्टाने बदली सूडाची म्हणत तो निकाल कायम ठेवला, परत इंदूरला पाठवायला लावलं आणि बँकेला ५० हजार खर्च भरायला लावला. तिथेही तक्रारींच्या तारखा आणि बदलीची तारीख शेजारी शेजारी ठेवल्यावर गोष्ट दिसली.

त्या मुलीने तक्रार समितीला हातात द्यावी, पोच घ्यावी, तीच ईमेलने आणि स्पीड पोस्टने पण पाठवावी. शी-बॉक्स नावाचं केंद्र सरकारचं पोर्टल आहे, २०२४ मध्ये नव्याने सुरू केलंय, तिथेही टाकता येते. पोलिसात जायचं असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम ७५, आणि तिला त्यात मदत करणं हे मालकाचं कर्तव्य आहे. फीची काळजी नको, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला फुकट वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. आणि समितीच कागदावरची निघाली तर पहिल्यांदा ५० हजारांपर्यंत दंड, पुन्हा सापडले तर दुप्पट आणि परवान्यावर गदा. हे जिल्हा अधिकाऱ्याला कळवायचं.

भुसावळकर_काका

मी माझं आधीचं म्हणणं मागे घेतो. मुदतीचं मला माहीत नव्हतं. बेटा, कधी जायचं ते कळव, मी येतो. म्हातारा माणूस सोबत असला की टेबलावरचे लोक जरा नीट बोलतात. दुसरं काही नाही तर झेरॉक्स काढून आणीन.

चटईवाला

मी पॅकिंगच्या त्या ताईंना फोन लावला काल. नंबर बदललाय. कुसुंब्याला राहायच्या एवढं आठवतं, रविवारी जातो.

गिरणाकाठची

शनिवारी भेटलो. बसस्टँडजवळ रसवंतीत बसलो, ती आणि तिची आई. घरात तिने आधीच सांगितलं होतं, साक्रीच्या मावशींचा प्रतिसाद आईनेच वाचला होता. मी सगळं सांगितलं. ४९ दिवस, वॉचमनकाका, डबा, आता मी कृषी केंद्रात ९ हजारावर हिशेब लिहिते ते, आणि रजिस्टरमुळे माझा फायदा आहे ते पण. मी म्हणाले मी कर किंवा नको काहीच म्हणणार नाही. बराच वेळ ती ग्लासवरचं पाणी बोटाने पुसत राहिली. मग विचारलं, ताई तुमचं टेबल भिंतीला लावलेलं होतं ना, फरशीवर अजून पायाचे ओरखडे आहेत. मी पण तसंच सरकवलंय.

तिची आई म्हणाली, नोकरी गेली तर आपण केळीच्या कामाला जाऊ, पण हिने मला रात्री उठून रडताना पुन्हा दिसायचं नाही.

गिरणाकाठची

सोमवारचं लिहिते. काका साडेनऊलाच गेटच्या बाहेर चहाच्या टपरीवर येऊन बसले होते, सोबत तिची आई. मी लांब थांबले, माझ्यामुळे वेगळा विषय नको. ती आत गेली. सहा प्रती, रजेची मागणी पहिल्याच पानावर. रजिस्टर उतरवायला तिने शुक्रवारीच लेखी आदेश मागितलाय, अजून आलेला नाही. माझ्या वकिलांनी अर्ज तातडीने घ्या म्हणून सांगितलं, गुरुवारची तारीख मिळाली.

सव्वाअकराला तिचा फोटो आला, खाली काही लिहिलेलं नव्हतं. समितीच्या अध्यक्षांची सही, 'मिळाले', आणि बाजूला आमचा तो निळा शिक्का. तारीख सरळ बसलीये, एकाच ठशात.

खापरावरची

नंबर कितवा टाकला?

गिरणाकाठची

६४१. वरती पाण्याच्या टँकरचं बिल आहे, खाली बँकेचं पत्र.